छोट्या कुत्र्याची निवड: चेहऱ्याआधी नाक पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडेच लहान सदनिकांमध्ये पाळण्याजोग्या कुत्र्यांविषयी एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला. लेखाचा हेतू चांगला होता याविषयी शंका नाही. परंतु त्यात पहिली पसंती पग, फ्रेंच बुलडॉग आणि शित्झू या जातींना दिली होती, आणि आकाराने लहान असल्यामुळे त्या सांभाळायला सोप्या जातात असे ठामपणे म्हटले होते. पशुसंवर्धन विभागात पशुधन विकास अधिकारी म्हणून उमेदीची वर्षे गाई-म्हशींमध्ये घालवून निवृत्त झालेला, आणि आता पुण्यात शेजारीपाजारी व ओळखीच्या लोकांच्या कुत्र्यांकडे पाहणारा पशुवैद्यक या नात्याने मला हे विधान पटत नाही. त्याविषयी चार गोष्टी वाचकांसमोर याव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जरा लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

लहान कुत्रा घ्यावा असे वाटण्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. दोन खोल्यांचे घर, नवरा-बायको दोघेही नोकरीला, घरी वयस्कर आई-वडील, मुलांचा हट्ट, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींची धास्ती, अशा परिस्थितीत लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डपेक्षा चार-पाच किलोचा प्राणी बरा, असा हिशेब कोणीही करील. चूक या हिशेबात नाही. चूक होते ती यापुढे, म्हणजे जात ठरवताना फक्त वजन आणि चेहरा पाहिला जातो तेव्हा. आकाराचे लहानपण हे निसर्गाने दिलेले नसून माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून घडवलेले आहे, आणि ते कोणत्या अवयवाला कात्री लावून घडवले आहे यावर त्या कुत्र्याचे पुढचे बारा-चौदा वर्षांचे आयुष्य सुखाचे की हालाचे हे अवलंबून असते.

पग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या बाबतीत ही कात्री नाकाला लागली आहे. जबड्याचे हाड आखूड झाले, पण आतल्या मऊ भागांचे आकारमान त्या प्रमाणात कमी झाले नाही. त्यामुळे टाळूचा मऊ पडदा लांबट राहून श्वासनलिकेच्या तोंडावर येतो, नाकपुड्या अरुंद होतात, आणि प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागल्यामुळे वर्षानुवर्षांच्या ताणाने घशातील इतर भागही सुजून आत ओढले जातात. निरोगी कुत्र्याची नाकपुडी समोरून पाहिली तर स्वल्पविरामासारखी उघडी दिसते. अनेक पगांच्या नाकावर त्या जागी केवळ एक उभी चीर असते, आणि श्वास घेताना तीही मिटते. मालक कौतुकाने सांगतात, की आमचा गोट्या झोपेत आजोबांसारखा घोरतो. ते घोरणे म्हणजे अरुंद झालेल्या वाटेतून हवा ओढण्याची धडपड असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. काही पग बसल्या बसल्या झोपतात किंवा उशीवर हनुवटी टेकवून झोपतात, कारण मान खाली गेली की श्वास अडतो. अशा झोपेची छायाचित्रे मोबाइलवर सर्वाधिक फिरतात, हा यातला दुःखद भाग.

हे केवळ एका म्हाताऱ्या डॉक्टरचे मत आहे असे कोणाला वाटू नये. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार श्वसनमार्गाच्या या विकाराचा धोका पगला इतर कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे ५४ पट आहे. त्याच वर्षी त्यांनी आयुर्मानाचे जे कोष्टक मांडले, त्यात सर्व कुत्र्यांचे सरासरी अपेक्षित आयुष्य ११.२ वर्षे, लांब नाकाच्या छोट्या जॅक रसेल टेरियरचे १२.७ वर्षे, पगचे ७.७ वर्षे आणि फ्रेंच बुलडॉगचे अवघे ४.५ वर्षे असे आकडे आहेत. फ्रेंच बुलडॉगची लोकप्रियता तिकडे अलीकडेच वाढल्याने नोंदींत तरुण कुत्र्यांचा भरणा अधिक आहे, त्यामुळे तो आकडा थोडा सावधपणे वाचावा लागतो. परंतु सगळी सूट देऊनही फरक उरतोच. नेदरलँड्समध्ये ज्या कुत्र्याच्या नाकाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी आहे, त्याची पैदास करण्यास २०१९ पासून मनाई आहे. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची शुद्ध पैदास प्राणीकल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचा निर्णय दिला. ही दोन्ही राष्ट्रे थंड हवेची आहेत, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरील आणि नाकातील ओलावा वाफ करून शरीर थंड ठेवतो. ज्याच्या नाकाची लांबीच कापून टाकली आहे, त्याची ही यंत्रणाच अपुरी असते. चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा काय होत असेल हे सांगायला नको, पण मुंबईत आणि कोकणात तापमान पस्तिशीच्या आतबाहेर असतानाही दमट हवेमुळे वाफ होणे मंदावते आणि तीच गत होते. पुण्यात मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक चार वर्षांचा पग आणला गेला. लिफ्ट बंद होती म्हणून तो घरच्या मुलांबरोबर पाच मजले धावत चढला होता, एवढेच निमित्त. जीभ जांभळट, डोळे तारवटलेले, तोंडातून चिकट लाळेच्या तारा, आणि ताप थर्मामीटरवर १०६ अंश फॅरनहाइटच्या वर. निरोगी कुत्र्याचा तो १०१ ते १०२.५ असतो. अशा वेळी लोक कुत्र्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून रिक्षाने दवाखाना गाठतात. तसे करू नये. टॉवेल लगेच गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. नळाच्या पाण्याखाली पोट, छाती आणि पाय भिजवावेत, पंखा लावावा, शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, तोंडात जबरदस्तीने ओतू नये, आणि शरीर थंड करण्यास सुरुवात झाल्यावर दवाखान्याकडे निघावे. तो पग वाचला. सगळेच वाचत नाहीत.

ज्यांच्या घरी पग आधीच आहे त्यांनी हे वाचून हवालदिल होऊ नये. त्याचे वजन आटोक्यात ठेवणे हा सगळ्यांत मोठा उपचार आहे, कारण घशाभोवतीची चरबी त्याच अरुंद वाटेला आणखी आवळते. गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा हार्नेस घालावा, उन्हाळ्यात फिरणे सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतरच ठेवावे, नाकावरच्या वळ्या रोज मऊ ओल्या कापडाने पुसून कोरड्या कराव्यात, आणि बाहेर आलेल्या डोळ्याला इजा होऊन तो मिचमिचा किंवा धुरकट दिसू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. घोरणे फार असेल तर नाकपुड्या आणि टाळूच्या शस्त्रक्रियेविषयी विचारावे. ती मोठ्या शहरांत होते आणि कमी वयात केली तर तिचा उपयोगही अधिक होतो.

आता मग घ्यावा तरी कोणता, हा प्रश्न. माझे उत्तर अनेकांना जुनाट वाटेल. मराठी घरांतून दोन पिढ्या ज्याला 'पामेरियन' म्हटले गेले, तो खरे पाहता बहुधा इंडियन स्पिट्झ असतो; मूळ जर्मन, पण इंग्रजांच्या काळापासून येथे वाढलेला आणि येथील हवेला सरावलेला. नाक पुरेसे लांब, अंग चपळ, वजन पाच ते सात किलोच्या घरात, बुद्धी तल्लख. तो भुंकतो, हे कबूल. पण दिवसभर घरात कोणी ना कोणी असेल आणि लहानपणी थोडी शिस्त लावली असेल, तर तेही आटोक्यात राहते. परदेशी पॉमेरेनियन, ज्याला हल्ली 'टॉय पॉम' म्हणून तिप्पट-चौपट भावाने विकतात, तो याहून पुष्कळ नाजूक. डॅशहंड हाही आपल्याकडे जुनाच, निष्ठावान आणि आपल्या आकारापेक्षा मोठ्या आवाजाचा. त्याच्या बाबतीत कात्री पायांना लागली आहे, आणि तिची किंमत पाठीचा कणा देतो. मणक्यांतील गादी सरकून मागचे पाय लुळे पडण्याचा धोका या जातीत जन्मजात असल्यामुळे त्याला सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत, जिन्यावरून उचलून न्यावे आणि त्याचे वजन वाढू देऊ नये. शित्झूचे नाकही आखूडच, मात्र पगइतके टोकाचे नसते. त्याचा खरा प्रश्न केसांचा. ते वाढतच राहतात, रोज विंचरले नाहीत तर काखेत आणि कानामागे गुठळ्या होतात आणि त्यांखाली कातडी सडते. रोज पंधरा-वीस मिनिटे देण्याची तयारी नसेल तर महिना-दीड महिन्याने केस बारीक कापून घ्यावेत. आपल्या हवेत ते दिसायलाही वाईट दिसत नाहीत. स्पिट्झच्या बाबतीत मात्र याच्या उलट वागावे. उन्हाळ्यात त्रास होऊ नये म्हणून दयाळू मालक त्याची सरसकट हजामत करतात, पण त्याचा दुहेरी केसांचा थर उन्हापासून रक्षणही करतो, आणि मुळापासून कापला तर काही वेळा पुन्हा नीट येतच नाही. फणीने खालचा मोकळा झालेला लोकरीसारखा थर काढणे एवढेच पुरे.

आणि एक पर्याय पुरवणीतील लेखात अजिबात नव्हता. आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्रीची पिल्ले आकाराने फार मोठी होत नाहीत, त्यांच्या नाकाला, पायांना वा कण्याला कोणी कात्री लावलेली नाही, आणि येथील ऊन-पाऊस त्यांना ठाऊक आहे. ती मांडीवर बसण्याइतकी चिमुकली राहत नाहीत हे खरे, तरी बारा-पंधरा किलोचा गावठी कुत्रा दोन खोल्यांत उत्तम राहतो, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे.

अगदी छोट्या जातींविषयी आणखी दोन गोष्टी. पहिली गुडघ्याची. या कुत्र्यांच्या मागच्या पायातील गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकते. चालता चालता कुत्रा एक पाय वर घेऊन चार-सहा पावले तीन पायांवर उड्या मारत जातो आणि मग काहीच न घडल्यासारखा चारही पाय टेकून चालू लागतो. पाहणाऱ्याला ती लाडिक चाल वाटते. आपल्या घरांतील गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर हा विकार वाढतो, तेव्हा कुत्र्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा तागाची पट्टी अंथरावी. तशीच पुढच्या पायाची गोष्ट. पॉमेरेनियन वा चिवावाचे हे हाड पेन्सिलीएवढे असते; लहान मुलाच्या हातातून वा पलंगावरून पडून ते मनगटाजवळ मोडले, तर तेथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते जुळून येणे फार कठीण जाते. म्हणून घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर अशा जातीचा विचार काही वर्षे पुढे ढकलावा, असे मी स्पष्टपणे सांगतो आणि त्याबद्दल पुष्कळांची नाराजी ओढवून घेतो.

दुसरी गोष्ट 'टीकप' नावाच्या मालाची. माल हाच शब्द मी योजतो, कारण टीकप अशी कोणतीही जात नाही आणि कुत्र्यांच्या जाती व वंशावळीची नोंद ठेवणारा कोणताही मान्यताप्राप्त केनेल क्लब तिला ओळखत नाही. खुरटलेल्या पिल्लांची आपापसांत पैदास करून, किंवा सरळ कमी वयाचे पिल्लू मोठे म्हणून विकून, हा धंदा चालतो. असे पिल्लू काही तास उपाशी राहिले तरी रक्तातील साखर घसरून थरथरू लागते, झटके येतात. हिरड्यांवर मध चोळून दवाखान्यात धावावे लागते. कित्येकांची डोक्यावरची टाळू भरलेली नसते आणि डोक्यात पाणी साचलेले असते.

खरेदीच्या वेळी काय पाहावे याविषयी कायदाच पुरेसा बोलका आहे, पण तो कोणी वाचत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांखालील मादीची पैदास करता येत नाही, आणि वर्षातून एकाहून अधिक व आयुष्यात पाचांहून अधिक विणी घेता येत नाहीत. प्रत्यक्षात काय दिसते? एखाद्या पुलाखाली किंवा पार्किंगमध्ये पिशवीतून पिल्लू हाती दिले जाते, ते पाच आठवड्यांचे असते, 'दोन लशी झाल्या आहेत' असे तोंडी सांगितले जाते, आणि चौथ्या दिवशी उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू होऊन पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचे निदान होते. तेव्हा विक्रेत्याचा फोन बंद असतो. माझा आग्रह एवढाच, की पिल्लाची आई, ती राहते त्या जागी, दिवसाउजेडी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आई धापा टाकते का, तिची नाकपुडी उघडी आहे का, ती माणसाला घाबरते का, लटकलेली आचळे आणि खंगलेली पाठ असे तिचे रूप आहे का, हे पाहिले की पिल्लाविषयी जेवढे कळते तेवढे कोणत्याही प्रमाणपत्रावरून कळत नाही. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृती नव्हे. 'आई गावाला आहे' असे उत्तर मिळाले तर नमस्कार करून परत यावे.

घरी आणल्यावरच्या काळजीत लसीकरण सर्वांना माहीत असते, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात व पुढे डॉक्टर सांगतील तशी, आणि पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी मुंबई-कोकणात सर्वत्र साचते, एवढे पुरे. खाण्याविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण तीनशे कॅलरी लागतात. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस असतात. सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी दोन, शाळेतून आल्यावर नातवाने दोन, आणि कामाला येणाऱ्या मावशींनी प्रेमाने एक दिले, की दिवसाच्या अन्नाचा तिसरा हिस्सा साखर-मैद्यातच संपला. मग 'आमचा काही खातच नाही' अशी तक्रार येते, आणि वजनाच्या काट्यावर तो दीड किलो जास्त भरतो. कांदा-लसूण घातलेली आमटी, द्राक्षे, प्रसादातले मनुके आणि चॉकलेट हे कुत्र्याला विषारी आहे. मोठ्या कुत्र्याला जे पचून जाईल, ते एवढ्याशा देहाला झेपत नाही. औषधांचेही तेच. ताप आहे म्हणून घरातली माणसाची वेदनाशामक गोळी अर्धी करून देणे, किंवा गोचीड झाले म्हणून कृषी सेवा केंद्रातून गुरांचे गोचीडनाशक आणून बादलीत अंदाजाने मिसळणे, यांमुळे दगावलेली छोटी कुत्री मी पाहिली आहेत. गोचिडांकडे दुर्लक्षही करू नये. पावसाळ्यानंतर कुत्रा जेवण सोडून मलूल पडला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर तो गोचीडताप असू शकतो आणि रक्ततपासणीला उशीर करणे महागात पडते.

छोट्या जबड्यात दात दाटीने येतात, दुधाचे दात पडायचे राहतात आणि फटींत अन्न अडकते. पाच-सहा वर्षांच्या वयात अर्धे दात हलू लागलेले कुत्रे दुर्मिळ नाहीत. पिल्लू असल्यापासून बोटाला कापड गुंडाळून दात घासण्याची सवय लावावी, माणसाची टूथपेस्ट न वापरता. खोकल्याविषयी एकच सूचना: छोट्या कुत्र्याला उत्साहात आल्यावर कोरडा, कर्कश ठसका लागत असेल तर घशात काही अडकले असे समजून केळे-भात भरवू नये, श्वासनलिका दबत असण्याची शक्यता असते.

शिस्तीचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. लॅब्राडोर गुरगुरला तर घर हादरते, आणि चिवावा गुरगुरला तर त्याचा व्हिडिओ काढला जातो. सतत कडेवर वागवलेल्या, कधी रस्त्यावर न चाललेल्या, दुसरा कुत्रा न पाहिलेल्या या प्राण्यांत भित्रेपणातून चावरेपणा येतो. त्यालाही पट्टा लावून रोज दोनदा चालवले पाहिजे, आणि सोसायटीच्या आवारात त्याने केलेली घाण मालकानेच उचलली पाहिजे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही सोसायटीला सर्वसाधारण सभेत ठराव करूनही कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही किंवा आकारावरून भेद करता येत नाही, हे खरे आहे. म्हणजे केवळ सोसायटीच्या भीतीने नाजूक जात निवडण्याचे कारणच उरत नाही.

न झेपणारे कुत्रे रस्त्यावर सोडण्याचे प्रकारही वाढलेले दिसतात, आणि त्यांत छोट्या जाती कमी नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. ज्यांना पिल्लाचाच हट्ट नाही, त्यांनी अशा सोडून दिलेल्या, वयाने मोठ्या झालेल्या कुत्र्याचा अवश्य विचार करावा. त्याचे नाक, गुडघे आणि स्वभाव कसे आहेत हे घेतानाच दिसते, तेथे अंदाज बांधावा लागत नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत 'पग, शित्झू, पॉम पिल्ले विकणे आहे' अशा मजकुराच्या चार-दोन ओळी दर आठवड्याला असतात आणि त्यांत भ्रमणध्वनी क्रमांकाखेरीज काहीही नसते. अशा प्रत्येक जाहिरातीत पैदास करणाऱ्याचा राज्य मंडळाकडील नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख छापणे आपण सक्तीचे करावे, आणि ज्याच्याकडे ते नसेल त्याची जाहिरात नाकारावी. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. जाहिरात विभागाला एक सूचना द्यावी लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नित्य वाचक,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
पुणे